रिव्हॉल्वरचीं दुखणीं

रिव्हॉल्वर हें शस्त्र पुष्कळांनीं चित्रपटांत पाहिलेलें असतें, थोड्यांनीं हातांत घेतलेलें असतें, आणि तें आंतून कसें चालतें हें फारच थोड्यांना ठाऊक असतें. चाप ओढला कीं गोळी सुटते, एवढें ज्ञान बहुतेकांना पुरतें. परंतु ज्यांच्या कपाटांत परवान्याचें रिव्हॉल्वर आहे, ज्यांचा मुलगा किंवा जांवई पोलिसखात्यांत आहे, किंवा ज्यांना यंत्रांविषयीं सहज कुतूहल आहे, त्यांनीं याहून थोडें अधिक समजून घेणें हिताचें आहे. बिघडलेलें शिवणयंत्र कापड खराब करतें, बिघडलेलें घड्याळ गाडी चुकवितें. परंतु बिघडलेलें रिव्हॉल्वर धरणाऱ्याचा हात किंवा जवळच्याचा प्राण घेऊं शकतें. शिवाय त्याचीं दुखणीं फसवीं असतात. शिवणयंत्राचा दोरा वारंवार तुटूं लागला कीं गृहिणी सुई बदलते, आणि दोष निघतो तो बॉबिनखालीं सांचलेल्या कापसाच्या तुसांत. रिव्हॉल्वरचीहि तीच तऱ्हा आहे. दुखतें एकीकडे आणि रोग असतो दुसरीकडे.

'रिव्हॉल्वर' या नांवाचा अर्थच 'फिरणारें' असा आहे. त्याला नळी एकच, पण काडतुसांचीं घरें बहुधा सहा. हीं घरें एका जाड पोलादी सिलिंडरांत गोलाकार कोरलेलीं असतात. दर खेपेस सिलिंडर एक षष्ठांश वळसा घेतो आणि नवें घर नळीच्या मागें येऊन उभें राहतें. हें काम मुख्यतः तीन अवयव करतात. पहिली एक लहान पोलादी पट्टी. घोडा मागें जाऊं लागला कीं ती वर सरकते आणि सिलिंडरच्या पाठीवरील दांत्याला ढकलते. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतांना ज्यांचा टक्-टक् आवाज येतो, त्याच जातीचे हे दांते होत. दुसरी एक खुंटी. ती चौकटीच्या तळांतून वर येऊन सिलिंडरच्या अंगावरील खांचेंत बसते आणि त्याला जागच्या जागीं घट्ट धरते. तिसरा स्वतः घोडा. त्याचें टोंक काडतुसाच्या बुडाशीं असलेल्या टोपीवर आदळतें, टोपीची ठिणगी दारूला लागते आणि गोळी सुटते. आधीं खुंटी खांचेंतून निघावी, मग पट्टीनें ढकलावें, मग खुंटी पुढील खांचेंत बसावी, आणि सर्वांच्या शेवटीं घोडा पडावा, हा क्रम चाप एकदां ओढण्याच्या अवधींत पुरा व्हावा लागतो. बहुतेक दुखणीं म्हणजे या क्रमांत कोठें तरी पडलेला खंड होय.

हीं दुखणीं आजचीं नव्हत. अमेरिकेंतील सॅम्युएल कोल्ट यानें १८३६ सालच्या फेब्रुवारींत आपल्या देशांत रिव्हॉल्वरचें पेटंट मिळविलें. फिरत्या घरांची कल्पना त्याच्याहि पूर्वींची. परंतु घोडा ओढतांच सिलिंडर आपोआप फिरावा आणि पक्का बसावा, ही जुळणी त्यानें व्यवहारांत आणली. पॅटर्सन गांवचा त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्यें बुडाला. पुढें १८४७ मध्यें 'वॉकर' नांवाचें साडेचार पौंडांहून जड असें त्याचें रिव्हॉल्वर अमेरिकन घोडदळाच्या हातीं पडलें. त्याच्या नळीखालीं गोळी ठांसण्याचा एक दांडा असे. बार होतांच त्या धक्क्यानें दांड्याची पकड सुटे, दांडा खालीं पडे, त्याचें दुसरें टोंक सिलिंडरच्या घरांत शिरे, आणि सिलिंडर अडकून बसे. पाहणाऱ्याला वाटावें कीं सिलिंडर बिघडला. खरा दोष मात्र नळीखालच्या चिमुकल्या पकडींत होता. कित्येक शिपाई तो दांडा चामड्याच्या वादीनें बांधून ठेवीत. १८४८ च्या नव्या नमुन्यांत दांड्याच्या टोंकालाच चांगली पकड बसविली, तेव्हां हें दुखणें गेलें.

त्या काळीं दारू, गोळी आणि टोपी हीं वेगवेगळीं भरावीं लागत. तांब्याची टोपी बारानंतर फुटे, आणि तिचा कपचा घोड्याच्या फटींतून आंत पडून सर्व यंत्र थांबवी. धातूच्या नळकांड्यांत सर्व एकत्र असलेलें काडतूस आल्यावर ही पीडा टळली. स्मिथ आणि वेसन यांचें असलें पहिलें रिव्हॉल्वर १८५७ सालचें. परंतु उपायाच्या पाठोपाठ नवें दुखणें आलें. टोपीचे तुकडे गेले, आणि फुगलेलें रिकामें नळकांडें घरांतून काढायचें कसें, हा प्रश्न उभा राहिला. इंग्लंडांत १८८७ मध्यें सैन्यानें स्वीकारलेलें वेब्ली रिव्हॉल्वर मध्येंच मोडून उघडे आणि सहाहि नळकांडीं एकदम वर उचली. अमेरिकेंत १८९९ च्या सुमारास सिलिंडर बाजूला बिजागरीवर बाहेर काढण्याची तऱ्हा रूढ झाली. पुढचा दांडा दाबला कीं पाठीमागची एक चांदणीसारखी चकती उठते आणि नळकांडीं बाहेर फेकते. आजचीं बहुतेक रिव्हॉल्वरें या दुसऱ्या कुळींतलीं आहेत. भारतांत कानपूरच्या सरकारी कारखान्यांत होणारें .३२ चें रिव्हॉल्वर मात्र वेब्लीप्रमाणें मोडून उघडणारें आहे. कूळ कोणतेंहि असो, परीक्षेची रीत एकच.

परीक्षेपूर्वीं एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाहीं. रिव्हॉल्वर उघडावें, काडतुसें काढावीं, तीं दुसऱ्या खोलींत ठेवावीं, आणि मग सहाहि घरें डोळ्यांनीं पाहून व बोटानें चांचपून मोजावीं. साकळलेल्या तेलामुळें एखादें काडतूस घराला चिकटून राहतें, आणि 'पांच पडलीं, म्हणजे सारीं पडलीं' असा समज होतो. ज्या रिव्हॉल्वरचा सिलिंडर उघडतच नाहीं, तें भरलेलेंच आहे असें धरून चालावें. त्याच्याशीं झटापट करूं नये. नळीचें तोंड निर्धोक दिशेला ठेवून तें जाणत्या कारागिराच्या स्वाधीन करावें.

आतां सर्वांत नेहमींचें दुखणें घेऊं. अशी कल्पना करावी कीं एका जमादारानें चांदमारीच्या मैदानावर नेमबाजीस आरंभ केला. पहिल्या अठरा गोळ्या निर्विघ्न गेल्या. पुढें चाप जड होऊं लागला, आणि तिसाव्या गोळीच्या सुमारास तो हलेनासा झाला. बोटाला चाप जड लागतो, म्हणून जमादाराचा संशय चापाच्या स्प्रिंगवर जातो. परंतु स्प्रिंग अठरा गोळ्यांत बिघडत नाहीं. खरा अपराधी चांदणीच्या खालीं दडलेला असतो. रिकामीं नळकांडीं काढतांना नळीचें तोंड जमिनीकडे असेल, तर न जळलेल्या दारूचे कण उचललेल्या चांदणीखालीं पडतात. मग चांदणी पुरती खालीं बसत नाहीं. केसाएवढी वर राहते. तेवढ्यानेंच काडतुसांचीं बुडें मागील चौकटीला घांसूं लागतात, आणि तो अडथळा चापापर्यंत पोंचतो. यावर औषध म्हणजे दांत घासण्याचा जुना ब्रश. चांदणी उचलून तिची खालची बाजू आणि तिची बैठक झाडली कीं चाप पूर्ववत् हलका होतो. पुन्हां तसें होऊं नये म्हणून नळकांडीं काढतांना नळीचें तोंड आकाशाकडे करावें, म्हणजे कण नळकांड्यांबरोबर बाहेर पडतात.

चांदणी स्वच्छ असूनहि सिलिंडर अडत असेल, तर पुढील दांडा पाहावा. तो मळसूत्रानें बसविलेला असतो. स्मिथ आणि वेसन यांच्या जुन्या रिव्हॉल्वरांत त्याचे आंटे उजवे होते आणि सिलिंडर फिरे डावीकडे. त्यामुळें दांडा हळूहळू सैल होई, लांब होई, आणि त्याचें टोंक पुढील पकडींत रुतून सिलिंडर उघडेनासा होई. १९६० च्या सुमारास कारखान्यानें आंटे डावे केले आणि ही खोड मोडली. दांडा पुन्हां आंवळतांना घरांत रिकामीं नळकांडीं घालावीं लागतात, नाहीं तर सर्व पीळ चांदणीच्या नाजूक खुंट्यांवर येतो; म्हणून हें काम जाणत्याच्याच हातचें.

तिसरें कारण काडतुसांत असतें. टोपी नीट आंत बसलेली नसेल तर ती मागील चौकटीला घांसते. एकाच घराशीं अडत असेल आणि काडतूस बदलतांच तें घर मोकळें फिरूं लागलें, तर दोष काडतुसाचा होय. चौथें कारण सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर सांचलेली काजळी आणि शिसें. सिलिंडर आणि नळी यांमध्यें एक फट ठेवावीच लागते. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतील चारपासून आठ भागांइतकीच ती बहुधा असते; म्हणजे एक किंवा दोन साधे कागद मावतील एवढी. इतकी अरुंद फट काजळीनें भरायला वेळ लागत नाहीं. रशियानें १८९५ मध्यें घेतलेल्या नागां रिव्हॉल्वरांत सिलिंडर पुढें सरकून ही फट बंद करतो; परंतु त्या सरकण्याचें ओझें चापावर येऊन तो फारच जड झाला. याहि ठिकाणीं उपायानें आपली किंमत घेतली.

दुसऱ्या जातीचें दुखणें अधिक गंभीर. सिलिंडर फिरतो, पण घर नळीच्या अगदीं समोर येऊन थांबत नाहीं. मग गोळीची कड नळीच्या तोंडाला घांसते आणि शिशाचे बारीक तुकडे त्या फटींतून बाजूला उडतात. बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला कांहीं तरी टोंचतें, हेंच या रोगाचें पहिलें लक्षण ठरतें. धरणाऱ्याला त्याचा पत्ताहि नसतो.

याची परीक्षा रिकाम्या रिव्हॉल्वरवर करावी. एका हाताचें बोट सिलिंडरला हलकेंच टेकवून थोडा विरोध करावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानें घोडा सावकाश मागें ओढावा. घोडा शेवटच्या ठिकाणीं पोंचण्यापूर्वीं किंवा पोंचतां पोंचतां खुंटी खांचेंत बसल्याचा आवाज आला पाहिजे. घोडा पूर्ण मागें गेला आणि सिलिंडर अजून थोडा फिरवावाच लागतो, असें झालें तर ढकलणारी पट्टी झिजली आहे. ही परीक्षा सहाहि घरांवर करावी. कारण कित्येकदां पट्टी निर्दोष असते आणि सहांपैकीं एकच दांता झिजलेला निघतो. उलट, खुंटी बसल्यावरहि सिलिंडर डावीउजवीकडे डुलत असेल, तर झीज खुंटींत किंवा खांचेंत आहे. लक्षण एकच, गोळी घांसण्याचें. परंतु रोग तीन आणि औषधें तीन. परीक्षा न करतां पट्टी बदलणारा कारागीर तिहींपैकीं एकदांच बरोबर ठरेल.

या झिजेचें एक कारण चित्रपटांतून घरांत आलें आहे. पडद्यावरचा नायक मनगटाला झटका देऊन सिलिंडर खटकन् बंद करतो. तो झटका ज्या बिजागरीच्या हातावर सिलिंडर टांगलेला असतो, त्याला बसतो. तो हात किंचित् वांकला कीं सिलिंडर तिरका बसतो, आणि सर्व क्रम बिघडतो. सिलिंडर नेहमीं दोन्ही हातांनीं, हलकेंच बंद करावा.

तिसरें दुखणें म्हणजे घोडा पडतो, पण बार होत नाहीं. या क्षणीं घाई करणें घातक आहे. कधीं कधीं दारू उशिरा पेटते. म्हणून नळीचें तोंड निर्धोक दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबावें आणि मगच सिलिंडर उघडावा. यानंतर तें न उडालेलें काडतूस हातीं घ्यावें, कारण आतां तेंच खरें सांगणार आहे. टोपीवर घोड्याच्या टोंकाचा खळगा पाहावा. खळगा खोल आणि मधोमध असेल, तर घोड्यानें आपलें काम केलें, दोष काडतुसांत. खळगा मधोमध पण उथळ असेल, तर घोडा दुबळा. खळगा एका कडेला असेल, तर घर समोर आलेलें नव्हतें, म्हणजे मागें सांगितलेलें दुखणें. खळगा मुळींच नसेल, तर टोंक मोडलें असावें. घोडा दुबळा असल्यास लगेच स्प्रिंगला दोष देऊं नये. मुठींतील चपट्या मुख्य स्प्रिंगला ताण देणारा एक स्क्रू पुष्कळ रिव्हॉल्वरांत मुठीच्या पुढच्या कडेला असतो. चाप हलका व्हावा म्हणून तो कोणी तरी सैल करून ठेवलेला असतो. हलका चाप मिळतो आणि ऐन वेळीं बार चुकतो. दुसरें कारण जुनें, घट्ट झालेलें तेल; त्यांतून घोडा रेंगाळत पडतो.

याहून भयंकर प्रसंग म्हणजे बार होतो, परंतु त्याचा आवाज दबलेला येतो. काडतुसांत दारू कमी पडलेली असली कीं गोळी नळींतच अडकून बसते. पुढची गोळी तिच्यावर आदळली तर नळी फुगते किंवा फुटते. आवाज निराळा वाटतांच थांबावें, रिव्हॉल्वर रिकामें करावें आणि नळींतून आरपार उजेड दिसतो कीं नाहीं तें पाहावें. उजेड दिसत नसेल तर पुढचें काम कारागिराचें. या एका सवयीनें पुष्कळ हात वांचले असतील.

चौथें दुखणें नळकांडीं न निघण्याचें. बहुधा घरें अस्वच्छ असतात. लांब घराच्या रिव्हॉल्वरांत पुष्कळ दिवस आंखूड काडतुसें वापरलीं, तर घराच्या आंत त्यांच्या तोंडाशीं काजळीचें एक कडें बसतें. १९३५ मध्यें निघालेल्या.३५७ मॅग्नमच्या घरांत .३८ स्पेशल वापरणाऱ्यांना हा अनुभव येतो. मग लांब काडतूस त्या कड्यांत रुततें. अशा वेळीं दांड्यावर हातोडी मारूं नये. योग्य द्रावण आणि पितळी ब्रश यांनीं घरें साफ करावीं.

महाराष्ट्रांत, विशेषतः कोंकणपट्टींत, एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. रिव्हॉल्वर चामडी म्यानांत घालून कपाटांत ठेवण्याची रीत पुष्कळ घरीं आहे. चामडें पावसाळ्यांतील ओल धरून ठेवतें आणि पोलादावर गंज चढतो. म्यान दिवसा कमरेला ठीक; मुक्कामाला शस्त्र त्यांतून काढून, कोरडें पुसून, तेलाचा अगदीं पातळ हात देऊन, कुलपांत ठेवावें. तेल ओतूं नये. जास्त तेल काडतुसांच्या टोप्यांत शिरून त्या निकामी करतें आणि धूळ धरून घट्ट होतें.

झाडणें, पुसणें, तेल देणें आणि पाहणें इतकें धन्याचें काम. याच्या पलीकडे दोन कारणांनीं त्यानें जाऊं नये. पहिलें कारण कायद्याचें. भारतांत १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें बंदुकांच्या दुरुस्तीचा धंदा परवान्यावांचून कोणालाहि करतां येत नाहीं. म्हणून शस्त्र परवानाधारक कारागिराकडेच न्यावें. दुसरें कारण धातूचें. घोड्याला ज्या पायरीवर चाप अडवून धरतो, ती पायरी नखाच्या कडेएवढी असते, आणि तिचा कठीण केलेला थर बहुधा पातळ असतो. चाप गुळगुळीत व्हावा म्हणून कानशीचे चार हात मारले कीं तो थर निघून जातो. कांहीं दिवस चाप सुरेख चालतो. पुढें आंतला मऊ धातू झिजतो, आणि एके दिवशीं ओढून ठेवलेला घोडा कोणीं चापाला हात न लावतां पडतो. पट्टी बदलतां येते, स्प्रिंग बदलतां येते. कानसलेला धातू परत लावतां येत नाहीं.

घोडा आपोआप पडण्याची किंमत काय असते, हें इतिहासांत नमूद आहे. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्वरांत घोड्याचें टोंक थेट टोपीवर विसावत असे, म्हणून जाणते लोक सहा घरांत पांचच काडतुसें भरीत आणि घोड्याखालचें घर रिकामें ठेवीत. पुढें घोडा आणि टोपी यांच्यामध्यें येणाऱ्या अडसराची योजना निघाली आणि लोक निश्चिंत झाले. परंतु १९४४ मध्यें अमेरिकेच्या एका लढाऊ जहाजावर स्मिथ आणि वेसन यांचें रिव्हॉल्वर पोलादी डेकवर पडलें, अडसर असूनहि बार झाला, आणि एक खलाशी प्राणास मुकला. युद्ध चालू असतांनाच कारखान्यानें त्या अडसराची रचना बदलली. कारागिरानें हल्लींचें रिव्हॉल्वर उघडलें कीं एक पातळ, साधीशी पट्टी दिसते. ती काढून टाकली तरी रिव्हॉल्वर चालतें, आणि म्हणूनच अर्धवट माहितगार ती कधीं कधीं परत बसवायला विसरतो. तिचें काम एरव्हीं दिसत नाहीं. रिव्हॉल्वर हातांतून निसटेल त्या दिवशींच तें दिसावयाचें असतें.

म्हणून चांगल्या कारागिराकडे रिव्हॉल्वर नेलें तर पहिला कांहीं वेळ तो हत्याराला हात लावीत नाहीं. तो घरें मोजतो, घोडा सावकाश ओढून सहा वेळां कान देतो, उजेडाकडे धरून फट पाहतो, न उडालेलें काडतूस मागून घेऊन त्याचा खळगा निरखतो, आणि धन्याला विचारतो कीं हें केव्हांपासून होतें, कितव्या गोळीला होतें, आणि मध्यंतरीं हें कोणीं उघडलें होतें काय. पुष्कळदां एवढ्यांतच काम भागतें, आणि तो ब्रशानें चांदणी झाडून शस्त्र परत देतो. अशा कारागिरानें पाहण्याचे पैसे मागितले तर ते आनंदानें द्यावेत.